मंगलाक्का येणार नाहीत

बेंगळुरूत रस्त्यावरच्या कुत्र्यांसाठी काही ना काही करणारी जी माणसं आहेत, त्यांच्यापैकी कुणालाही मंगलाक्कांबद्दल विचारलं तर पहिलं वाक्य ठरलेलं असायचं. "बाई कामाची आहे, पण बोलायला फार वाईट." दुसरं वाक्य माणसागणिक बदलायचं. कुणाचा फोन त्यांनी मध्येच ठेवलेला असायचा, कुणाला कुत्रं द्यायला साफ नकार दिलेला असायचा, कुणाला भर दवाखान्यात "तू बाहेर उभी राहा, तुझ्या रडण्यानं ते घाबरायलंय" असं सुनावलेलं असायचं. यांतला पहिला आणि शेवटचा अनुभव माझा स्वतःचा आहे. तेव्हा मी त्यांच्याबद्दल गोड गोड लिहीन, अशी अपेक्षा कुणी ठेवू नये.

त्यांची माझी ओळख फोनवर झाली. मी पुण्याहून नोकरीसाठी नवीनच आले होते, जे. पी. नगरमध्ये राहत होते. एका संध्याकाळी घराजवळच्या रस्त्यावर एका काळ्या कुत्र्याला स्कूटरनं उडवलं. स्कूटरवाला थांबलासुद्धा नाही. कुत्रं रस्त्याच्या कडेला पडलं होतं आणि भोवती माणसं गोळा झाली होती. त्यांतली निम्मी मोबाइलवर फोटो काढत होती. मी नंबर शोधशोधून फोन लावत सुटले. एकानं दुसऱ्याचा नंबर दिला, दुसऱ्यानं तिसऱ्याचा. सगळ्यांचा आवाज हळहळलेला, आणि सगळ्यांची गाडी नेमकी दुसरीकडे गेलेली. शेवटचा नंबर लागला तो मंगलाक्कांचा.

"एल्लिद्दीरा?"

तुम्ही कुठे आहात, एवढं कन्नड तोवर मला कळायला लागलं होतं. मी हिंदीत सांगायला लागले. तेवढ्यात कुत्र्यानं मान उचलून परत टाकली आणि माझ्या तोंडून "अगं बाई" निघून गेलं. पलीकडचा आवाज तत्क्षणी मराठी झाला.

"मराठी होय? मग नीट सांग. श्वास घ्यायलंय?"

"हो. पण मागचा पाय—"

"पायाचं मागनं बघू. तोंडातनं रक्त?"

"नाही. तुम्ही किती वेळात पोचाल?"

"मी येत नाही."

मला वाटलं, आपली ऐकण्यात चूक झाली.

"मी बसवनगुडीत आहे. या ट्रॅफिकमधनं मी येईस्तोवर तू काय करणार? बघत उभी राहणार. ओढणी आहे अंगावर?"

ओढणी होती.

"ती त्याच्या तोंडावर टाक. दिसायचं बंद झालं की भीती कमी होते. चावायला बघेल. दुखतंय म्हणून बघेल, मनावर घेऊ नको. आता समोर दुकान असेल तिथनं मोठा पुठ्ठ्याचा खोका आण. फोन ठेवायचा नाही. चालू राहू दे."

मी खोका आणला. तो फाडून सपाट कसा करायचा, कुत्र्याच्या पाठीकडून तो अंगाखाली कसा सरकवायचा, हे त्या सांगत गेल्या आणि मी चडफडत करत गेले. मग त्यांनी मला रिक्षा थांबवायला लावली आणि रिक्षावाल्याला फोन द्यायला सांगितला. त्या त्याच्याशी कन्नडमध्ये काय बोलल्या मला कळलं नाही, पण तो हसला, "सरी अक्का, सरी" म्हणाला आणि खोक्याचं दुसरं टोक धरायला स्वतःहून खाली उतरला.

दवाखान्यात कुत्र्याला टेबलावर घेतलं तेव्हा मी रडायला लागले. "बाहेर उभी राहा" हे वाक्य मला तिथे ऐकावं लागलं. मंगलाक्का बसनं येऊन माझ्या मागे कधी उभ्या राहिल्या होत्या, मला कळलंच नव्हतं. कडक इस्त्रीची सुती साडी, पायांत पांढरे बूट, गळ्यात दोरीला अडकवलेला चष्मा आणि खांद्यावर जुन्या चादरींनी गच्च भरलेली पिशवी. शाब्बास म्हणतील म्हणून मी वाट बघत होते. त्यांनी कुत्र्याकडे बघितलं, डॉक्टरांशी बोलल्या आणि मला म्हणाल्या, "रोज संध्याकाळी ड्रेसिंग आहे. तू ऑफिसातनं कधी सुटतीस?"

"मला नोकरी आहे हो," मी म्हणाले.

"मलाही होती," त्या म्हणाल्या.

त्यांची नोकरी टेलिफोन खात्यातली. मूळच्या निपाणीच्या. लग्न होऊन बेंगळुरूला आल्या, आणि टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लोकांचे कॉल जोडून देण्यापासून सुरुवात करून शेवटी तिथल्याच सुपरवायझर म्हणून निवृत्त झाल्या. यजमान बरीच वर्षं आधी गेले होते, मूलबाळ नव्हतं. घाबरलेल्या माणसाला फोनवर धरून ठेवायची कला त्यांची तिथली. आगीचे, अपघाताचे फोन यायचे, तेव्हा समोरचा माणूस फक्त ओरडत असायचा. "ओरडणाऱ्याला काम दिलं की ओरडायचं थांबतो," असं त्या सांगायच्या. मराठी अस्सल सीमाभागातलं. बायकांच्या तोंडीही "मी येतो, मी जातो" असणारं. सुरुवातीला मला ते ऐकून हसू यायचं. त्यांना माझं पुणेरी मराठी ऐकून हसू यायचं नाही, वैताग यायचा. "स्वल्प हळू बोल ग," म्हणायच्या, "तुझ्या बोलण्याला श्वास घ्यायला जागाच नाही."

बसवनगुडीत दुसऱ्या मजल्यावर त्यांचं दोन खोल्यांचं घर होतं. आतल्या खोलीत नेहमी एक कुत्रं असायचं, पण एकच. ते कुठे तरी मार्गी लागल्याशिवाय दुसऱ्याला प्रवेश नाही. बाकीची असायची भटक्या कुत्र्यांच्या केंद्रात, जिथे त्या रोज कामाला जायच्या. आणि कुत्र्यांना त्या नावं ठेवत नसत. जिथे सापडलं त्या जागेवरून हाक मारायच्या. एक 'शटर' होतं, एक 'सिग्नल', एक 'डेपो'. मी उचललेलं काळं कुत्रं 'स्कूटर' झालं. खरं नाव घरचे ठेवतील, आपण कशाला आधीच चिकटवायचं, असं त्यांचं म्हणणं. लाडाचंही तेच. औषध पाजताना कुत्र्याच्या पाठीवर त्यांचा हात घट्ट असायचा, पण औषध पोटात गेलं की हात बाजूला. मी एकदा स्कूटरला मांडीवर घेऊन बसले होते तर म्हणाल्या, "तू घरी नेणार आहेस याला?" मी म्हटलं, माझी घरमालकीण नेऊ देणार नाही. "मग सवय लावू नको."

'रेस्क्यू' हा शब्द त्यांना खपत नसे. "उचललं म्हणजे वाचवलं नव्हे. उचलायला काय, कुणीही उचलतंय. पुढं?" या "पुढं?"पाशी येऊन माणसं अडकायची. कुणी भाबडेपणानं विचारलं की मला कुत्र्यांसाठी काहीतरी करायचंय, तर त्यांचं उत्तर तयार असायचं. ऑपरेशन झालेलं कुत्रं जखम भरेपर्यंत घरी ठेव. ते जमत नसेल तर गाडी आहे ना, आजारी कुत्र्याला दवाखान्यात ने-आण कर. गाडी नसेल तर जुन्या चादरी, रद्दी आणून दे. तेही नको असेल तर केंद्रात जे कुत्रं माणसाला बघून कोपऱ्यात तोंड घालतं, त्याच्याजवळ आठवड्यातनं एकदा जाऊन नुसतं बस. बोलूसुद्धा नको, पुस्तक वाचत बस. नाहीतर तुझ्या स्वतःच्या गल्लीतलं एक कुत्रं घे, त्याची नसबंदी करून आण, दर वर्षी रेबीजची सुई टोचून घे आणि त्याच्या गळ्यात चमकणारा पट्टा घाल, म्हणजे गाडीवाल्याला दिसेल. हे ऐकलं की समोरच्याचा उत्साह बघता बघता उतरायचा. लोकांना रस्त्यावर गोड बिस्किटं टाकायची असायची आणि फोटो पुढे पाठवायचे असायचे. मंगलाक्कांना दिवसभर फोटो यायचे. खाली हात जोडलेली चिन्हं. कोणी तरी मदत करा. "हा 'कोणी तरी' कुठं राहतो ग?" त्यांनी मला एकदा विचारलं. "मला त्याचा नंबर दे. एकदा त्याच्याशी बोलायचंय."

माझ्या ऑफिसातल्या प्रकारानं तर त्यांचा संताप शिगेला पोचला. आमच्या कंपनीनं समाजसेवेचा एक दिवस कुत्र्यांसाठी ठरवला, आणि मी मोठ्या हौसेनं मंगलाक्कांचं नाव सुचवलं. त्यांनी आधीच निरोप दिला होता की येताना रद्दी, चादरी आणा, आणि ज्यांच्याकडे चारचाकी आहे त्यांनी ती घेऊन या, नसबंदीसाठी कुत्री न्यायची आहेत. माझे सहकारी आले ते कंपनीच्या बसनं, सगळ्यांच्या अंगात एकसारखे पिवळे टी-शर्ट. बरोबर एक लांबलचक बॅनर. रद्दीचा कागद एक नाही. केंद्राच्या दारात बॅनर धरून फोटो झाले, मग पिल्लं हातात घेऊन फोटो झाले. एक मुलगी म्हणाली, "आँटी, आप भी आइए ना." मंगलाक्का फोटोत गेल्या. फोटो निघाल्याबरोबर त्यांनी बॅनर दोन्ही हातांनी ओढून घेतला, त्याची नीट घडी घातली आणि तो पिशवीत टाकला.

"मॅडम, वो बॅनर कंपनी का है," आमचा मॅनेजर म्हणाला.

"गटार के पास का पिंजरा टपकता है," मंगलाक्का म्हणाल्या. "ऊपर डालूँगी."

मॅनेजरनं त्याबद्दल मला नंतर ऐकवलं. पण मला जास्त लागलं ते दुसरंच. त्या दिवशी सगळ्यांनी कागदावर नावं लिहून दिली होती, आम्ही पुढेही येणार म्हणून. मी एकेकाला विचारत फिरले. त्यांतून पुढे आला तो फक्त टेस्टिंगमधला हर्षद, तोही आईनं घरात कुत्रं ठेवू दिलं नव्हतं म्हणून. मी मंगलाक्कांना चिडून सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "एक आला न्हवं? त्याला गाडी आहे?" होती. "मग झालं की." त्यांच्या जागी मी असते तर खचून गेले असते. त्या खचल्या नाहीत. पण समाधानही त्यांच्या चेहऱ्यावर मी कधी बघितलं नाही. आणि मला तेव्हा कुणीतरी समाधानी झालेलं बघायचं होतं.

त्यांच्या नकारांवरून आमची भांडणं व्हायची. कुत्रं मागायला आलेल्या माणसांना त्या असे प्रश्न विचारायच्या की मुलगी बघायला आल्यासारखं वाटावं. घरात भांडण झालं तर कुत्रं कोण सांभाळणार? तुमची बदली झाली तर? सिग्नल नावाचं पांढरं-तपकिरी पिल्लू होतं, त्याला बघायला नागपूरचं एक जोडपं आलं. दोघंही भली, हसरी. सगळं जुळत आलं होतं. बोलता बोलता ती मुलगी म्हणाली, पाहुणे आले तर आम्ही त्याला थोडा वेळ बाल्कनीत ठेवू. झालं. मंगलाक्कांनी चष्मा काढला.

"नाही जमणार."

"अहो, थोडाच वेळ म्हणतेय ती," मी मध्ये पडले.

"आज पाहुणे, उद्या पाऊस, परवा कंटाळा. बाल्कनीतली कुत्री मी उचलून आणल्यात. मला सांगू नको."

ती दोघं गेली. त्यानंतर काही दिवसांतच केंद्रात पिल्लांमध्ये पार्व्होची साथ आली आणि सिग्नल तिच्यात गेलं.  मंगलाक्कांना काही सुनावायची मला गरजच पडली नाही. त्यांनी माझ्यासमोर त्या जोडप्याला फोन लावला. "ते पिल्लू वारलं. तुमच्याकडं असतं तर जगलं असतं बहुतेक. तुम्हाला नाही म्हटलो, ते माझं चुकलं." पलीकडे काय झालं मला ऐकू आलं नाही. त्यांनी फोन कानापासून दूर धरून त्याच्याकडे बघितलं. "ठेवला," म्हणाल्या. मग उठून पिंजरे धुवायला गेल्या. प्रश्न विचारणं मात्र त्यांनी सोडलं नाही. त्या सुधारल्या वगैरे मुळीच नाहीत. बाल्कनीचा प्रश्न पुढच्या माणसाला पहिल्यापेक्षा जोरात विचारला गेला.

आता आमच्या क्रॉसची, म्हणजे इथल्या भाषेत आमच्या आडव्या गल्लीची, गोष्ट सांगते, कारण मंगलाक्का मला आठवतात त्या जास्त करून तिच्यामुळे.

मी राहत होते त्या क्रॉसवर कुत्र्यांचं एक टोळकं होतं. त्यांची म्होरकी एक पिवळट कुत्री, आमच्या इमारतीच्या फाटकाशी पडून असायची. मंगलाक्कांनी तिला 'गेट' म्हणायला सुरुवात केली. एके दिवशी तळमजल्यावरच्या सरोजम्मा दूध घेऊन येत असताना त्यांचा पाय गेटच्या शेपटीवर पडला आणि ती त्यांच्या पोटरीला चावली. इमारतीत रान पेटलं. सेक्रेटरी मूर्ती यांनी तातडीनं सभा बोलावली. विषय एकच, कुत्री हलवा. मी मंगलाक्कांना फोन केला. सभेत त्या येतील, कायदा सांगतील, सगळ्यांची तोंडं बंद करतील, अशी माझी कल्पना.

"त्या बाईनं जखम साबणानं धुतली का?" त्यांनी विचारलं.

"ते मला माहीत नाही. सभा सहाला—"

"सभेचं राहू दे. सुई टोचली का तिला?"

सभेच्या आधीच त्या आल्या, सरळ सरोजम्मांच्या दारात गेल्या आणि त्यांना रिक्षात घालून सरकारी दवाखान्यात घेऊन गेल्या. पुढच्या प्रत्येक सुईच्या दिवशीही त्याच घेऊन गेल्या. मी कुरकुरले की यात आपला वेळ जातोय, तर कडाडल्या माझ्यावर. "चावलं ते खोटं आहे का? त्या बाईचं दुखणं खोटं आहे का? कुत्र्याच्या बाजूनं बोलायचं असेल तर आधी हिच्याजवळ बसायचं. नाहीतर गप बस."

सभेत मूर्ती तावातावानं बोलत होते. मंगलाक्का त्यांचं पूर्ण होईपर्यंत ऐकत राहिल्या. मग शांत कन्नडमध्ये म्हणाल्या, तुम्हाला कुत्री आवडत नाहीत, ठीक आहे. मलाही सगळी आवडत नाहीत. पण ही उचलून नेलीत तर जागा मोकळी राहणार नाही, बाहेरची येतील. ती नसबंदी न झालेली असतील, सुई न टोचलेली असतील. यांची नसबंदी करून, लस देऊन इथेच राहू दिलीत तर पिल्लं होणार नाहीत आणि ही दुसऱ्यांना आत येऊ देणार नाहीत. खायला फाटकाशी घालू नका, कोपऱ्यावरच्या मोकळ्या प्लॉटपाशी घाला. सरोजम्मा सभेला पाय समोर ठेवून बसल्या होत्या. लोकांनी त्यांच्याकडे बघितलं. "अक्का म्हणतात तसं करून बघू," त्या म्हणाल्या.

आणि आम्ही केलं. हर्षदची गाडी होती, माझ्या रजा होत्या. बाकीची कुत्री धरणं सोपं गेलं, गेट मात्र हाताला लागेना. जाळी बघितली की ती कंपाउंडवरून पसार व्हायची. शेवटी मंगलाक्का रोज सकाळी बसवनगुडीहून येऊन पार्किंगमध्ये भात-कोंबडीचा डबा ठेवून, तिच्याकडे पाठ करून बसू लागल्या. हातात वर्तमानपत्र. गेट डब्यापर्यंत यायला आठवडे लागले. ज्या दिवशी ती निवांत खायला लागली त्या दिवशी मी मागून फाटक ओढलं. ऑपरेशन होऊन, नसबंदीची खूण म्हणून कानाला खाच पाडून, ती परत आमच्या क्रॉसवर आली तेव्हा मला इतका आनंद झाला की मी इमारतीत पेढे वाटले. मूर्तींनीसुद्धा घेतला एक.

पुढचं वर्ष चांगलं गेलं. पिल्लं नाहीत, चावणं नाही, भुंकणं कमी. मंगलाक्का सांगत होत्या तसंच अगदी. मी ऑफिसात लोकांना आमच्या क्रॉसचं उदाहरण द्यायला लागले होते.

मग एका दुपारी, सगळे कामावर असताना, एक बंद टेम्पो आला आणि कुत्री उचलून घेऊन गेला. सगळी. कानाला खाच असलेली, लस टोचलेली, आमची सगळी. वॉचमननं विचारलं तर टेम्पोवाल्यांनी "वरनं सांगितलंय" एवढंच सांगितलं. कुणी बोलावलं ते आजही माहीत नाही. मूर्ती म्हणाले, मला काही कल्पना नाही. कदाचित खरंच नसेल. पाणी ठेवलेली मातीची भांडी जागच्या जागी होती.

मी मंगलाक्कांना फोन केला. त्या लगेच आल्या. क्रॉसच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेल्या, मोकळ्या प्लॉटमध्ये डोकावल्या, गाड्यांखाली वाकून बघितलं. गुडघे तेव्हा दुखायला लागले होते त्यांचे, उठताना गाडीला हात लावावा लागत होता. मी तावातावानं बोलत होते. तक्रार करू, पोलिसांत जाऊ, नियम आहे, जिथून उचललं तिथेच परत सोडायला पाहिजे. त्या सरोजम्मांच्या पायरीवर बसल्या.

"तक्रार कर," त्या म्हणाल्या. "कर की. लिहून दे."

"तुम्ही येता ना?"

"येतो."

आम्ही गेलो. तक्रार घेतली गेली. तिचं पुढे काहीही झालं नाही. परतताना बसमध्ये त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "आपण बरोबर होतो ग. बरोबर असून काय करायचं?" हे वाक्य त्यांच्या तोंडून ऐकून मला फार राग आला. सगळ्या जगावर, आणि थोडा त्यांच्यावरही. ज्या बाईनं आम्हाला रोज "पुढं?" विचारलं, तिच्याकडे आता पुढचं काही नव्हतं.

मग त्या म्हणाल्या होत्या तसंच झालं. आमच्या रिकाम्या क्रॉसवर पलीकडच्या बाजूची कुत्री आली. तरणी, आडदांड, लस न टोचलेली. रात्रभर भांडणं, मोटारसायकलींच्या मागे धावणं, आणि लवकरच एका पार्किंगमध्ये पिल्लं. मूर्तींनी मंगलाक्कांना स्वतः फोन केला. अक्का, तुम्ही याच, प्लीज. ते फोन स्पीकरवर ठेवून बोलत होते, मी शेजारीच उभी होते.

"मी येत नाही," मंगलाक्का म्हणाल्या.

मूर्ती माझ्याकडे बघायला लागले. मी त्यांच्या हातातून फोन घेतला. "असं कसं? सगळं परत करावं लागणार आहे!"

"हो की. कर की."

"मी एकटी?"

"तू आहेस, तुझा तो गाडीवाला आहे, मूर्ती आता तयार आहे. मला कशाला बोलावतीस? माझ्याच्यानं ते पार्किंगमध्ये रोज बसणं होत नाही आता." फोन बंद.

मी महिनाभर त्यांच्याशी बोलले नाही. त्या महिन्यात मी, हर्षद आणि काठी टेकत येणाऱ्या सरोजम्मा, आम्ही तिघांनी ती नवी कुत्री धरायला सुरुवात केली. मूर्तींनी पार्किंग उघडून दिलं, पण जाळीला हात लावायला ते तयार नव्हते. निम्मी कुत्री झाली, निम्मी राहिली. धरलेल्यांतलं एक टाके तोडून आजारी पडलं. ज्या दिवशी मी चिडून जाळी भिरकावून दिली त्या दिवशी सरोजम्मांनी ती काठीनं उचलून मला परत दिली. आमच्या क्रॉसचं उदाहरण द्यायचं मी आता बंद केलं होतं.

त्यानंतर काही आठवड्यांनी हर्षदला गेट दिसली. हेब्बाळला, तलावाजवळच्या रस्त्यावर, एका चहाच्या टपरीपाशी. कानाची खाच आणि शेपटीचं पांढरं टोक, तीच. आमच्या घरापासून शहराचं पार दुसरं टोक. मी सगळा राग विसरून मंगलाक्कांना फोन केला आणि आम्ही तिघं हर्षदच्या गाडीतून निघालो. मी मागच्या सीटवर चादर अंथरली होती, पट्टा घेतला होता, कोंबडी शिजवून घेतली होती. निदान एकीला तरी घरी आणणार होते मी.

गेट टपरीच्या बाकाखाली झोपली होती. अंगावर जुन्या मारामारीचे वण, पण अंग भरलेलं. मंगलाक्का दिसताच ती उठली, दोन पावलं मागे गेली आणि गुरगुरायला लागली. मंगलाक्का जागच्या जागी थांबल्या. टपरी चालवणाऱ्या बाईनं विचारलं, "निम्म नायिना?" तुमचं कुत्रं आहे का? मंगलाक्का "अल्ला" म्हणाल्या, नाही, आणि बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसून चहा मागितला. मग त्यांनी त्या बाईला बारीकसारीक विचारून घेतलं. कधी आली, काय खाते, कुणाला त्रास देते का. आली तेव्हा इथल्या कुत्र्यांनी फाडून काढलं होतं म्हणे तिला. बाईनं हळद लावून, गोणपाटावर झोपवून जगवली. आता टपरी उघडायच्या आधी येऊन बसते.

मी पट्टा काढला.

"ठेव तो," मंगलाक्का म्हणाल्या.

"म्हणजे? आपण तिला न्यायला आलोय."

"कुठं नेणार? त्या क्रॉसवर आता दुसरी आहेत. परत मार खायचा तिनं? कशासाठी? तुला बरं वाटावं म्हणून?"

"मग आपण इतकं केलं ते कशासाठी?" मी ओरडलेच. टपरीवरची माणसं वळून बघायला लागली. "ते जिंकले मग. ज्यानं कुणी टेम्पो बोलावला तो जिंकला."

मंगलाक्कांनी चहाचा पेला बाकावर ठेवला. त्यांचा चेहरा मी इतका थकलेला पूर्वी बघितला नव्हता. "जिंकू दे," त्या हळू म्हणाल्या. "तिचं इथं जमलंय." मग टपरीवालीकडे वळून त्यांनी लस कुठल्या महिन्यात टोचायची ते सांगितलं आणि कुठल्या दवाखान्यात न्यायची ते दोनदा सांगितलं. ती मान डोलवत होती. मी आणलेली कोंबडी मंगलाक्कांनी माझ्या हातातून घेतली आणि तिच्याकडे दिली. आमच्यापैकी कुणाच्याही हातून गेटनं ती खाल्ली नसती.

परतताना त्या गाडीत बसायला तयार झाल्या नाहीत. तुम्हाला उगाच वळसा पडतो, मला थेट बस आहे, म्हणाल्या. मला वाटतं, माझं बोलणं आणखी ऐकायचं नव्हतं त्यांना. मीही आग्रह केला नाही. बस आली. त्या दांडा धरून, एकेक पायरी चढून वर गेल्या आणि आमच्या बाजूच्या खिडकीशी बसल्या. निदान हात तरी करावा म्हणून मी खिडकीपाशी गेले. त्यांचा चष्मा छातीवर लोंबत होता, पिशवी मांडीवर होती, आणि डोकं गजाला टेकलं होतं. बस अजून सुटायची होती आणि त्यांना झोप लागली होती.

गज वाजवून उठवावं का, असा विचार मी केला. हर्षद मागून म्हणाला, "झोपू दे ना." तेवढ्यात बस हलली.

पुढच्या महिन्यात मी पुण्याला गेले असताना त्या घर सोडून निपाणीला भाचीकडे राहायला गेल्या. जाताना मला सांगितलं नाही. सरोजम्मांना सांगून गेल्या.